‘पास’ : एका शब्दाचा प्रवास



परीक्षांचे निकाल लागूं लागले, कीं घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो : ‘मुलगा पास झाला ना ?’ प्रश्न मराठी, विचारणारी आजीहि मराठी. त्यांतील कळीचा शब्द तेवढा इंग्रजी. परंतु तो आतां इतका घरचा झाला आहे, कीं त्याच्या कुळाची चौकशी कोणी करीत नाहीं. आज ती थोडीशी करूं. कारण या एका शब्दाशीं पुष्कळ मुलांचें सुखदुःख बांधलेलें असतें.

‘पास’चें मूळ लॅटिन भाषेंतील ‘पासुस’ या शब्दांत आहे. पासुस म्हणजे पाऊल. रोमन लोक अंतर मोजतांना दोन पावलें मिळून एक पासुस धरीत आणि असे हजार पासुस झाले म्हणजे एक मैल होई. ‘मैल’ या शब्दांत दडलेला आहे तो हजाराचाच आंकडा. पुढें फ्रेंच भाषेंत ‘पासे’, म्हणजे पाऊल टाकून पलीकडे जाणें, असें क्रियापद रूढ झालें व तेथून तें इंग्रजींत आलें. ‘पलीकडे जाणें, ओलांडणें’ एवढा एकच अर्थ ध्यानांत धरिला, म्हणजे या शब्दाच्या बाकीच्या अर्थांचें कोडें बहुतेक सुटतें.

डोंगर जेथून ओलांडतां येतो, ती जागा ‘पास’. आपली भाषा येथें अधिक चोखंदळ आहे. कोंकणांत उतरावयाचा तो फोंडा घाट, आणि बाजीप्रभूंनीं १६६० सालीं लढविली ती खिंड. इंग्रजाला मात्र दोहोंस एकच शब्द पुरतो. बंदर ओलांडण्याची परवानगी तो ‘पासपोर्ट’, आणि एस्. टी. चा मासिक पास हा त्याचाच धाकटा भाऊ. ठराव मतदानांतून पार पडला, म्हणजे तो पास झाला. ओलांडून गेलेला काळ तो ‘पास्ट’. साडेदहा वाजले असतां ‘हाफ पास्ट टेन’ म्हणतात, तें दहाचा ठोका ओलांडून अर्धा तास झाला म्हणून. मृत्यूची वार्ता सौम्यपणें सांगतांना इंग्रज ‘पास्ड अवे’ म्हणतो, आणि आपणहि ‘ते गेले’ असेंच म्हणतों. कोल्हापुरास शाहू स्टेडियममध्यें फुटबॉलचा सामना रंगला, कीं ‘पास दे’ अशी आरोळी उठते. तेथें तर हा शब्द पुन्हां आपल्या मूळच्या पायाशींच येऊन पोंचतो.

कांहीं अर्थ मात्र आपल्याच मातींत वाढले. ‘ही गाडी नऊ पासिंगची’ असें म्हटलें, कीं ती कोल्हापुरांत नोंदलेली, हें आपल्याकडील शाळकरी पोरहि ओळखतें. इंग्रज ‘पासिंग’ म्हणजे बाजूनें निघून जाणें समजेल. ‘मी अमुक सालीं पास आउट झालों’ असें आपला पदवीधर अभिमानानें सांगतो. सैनिकी प्रबोधिनींत हा प्रयोग इंग्रजांसहि मान्य आहे. पण एरव्हीं त्यास वाटावयाचें, कीं हा गृहस्थ त्या सालीं बेशुद्ध पडला होता!

आतां परीक्षेकडे वळूं. इंग्रजींत ‘पास’च्या उलट ‘फेल’. या फेलचें लॅटिन मूळ ‘फसविणें’ या अर्थाचें आहे. पुढें कमी पडणें, ढांसळणें, बुडणें असे अर्थ त्यास आले. पेढी बुडते ती फेल, हृदय बंद पडतें तेंहि फेल. मराठीनें हा शब्द घेतला खरा. पण त्याबरोबरच एक स्वतःचा शब्दहि घडविला. ‘नालायक’, ‘नाखूष’ यांतील फारशी ‘ना’ तिनें इंग्रजी ‘पास’ला जोडिला आणि ‘नापास’ हा शब्द तयार केला. नापास म्हणजे न ओलांडलेला. त्यांत फसवणूक नाहीं, बुडणें नाहीं. पाऊल अजून पलीकडे पडलेलें नाहीं, एवढेंच आहे.

नवल असें, कीं आपला संस्कृत शब्दहि नेमकें हेंच सांगतो. ‘उत्तीर्ण’ हा ‘तॄ’, म्हणजे तरून जाणें, या धातूपासून झाला आहे. उत्तीर्ण म्हणजे पाणी ओलांडून वर आलेला. त्याच धातूचें ‘तीर्थ’. तीर्थ म्हणजे मुळांत नदींत उतरावयाची जागा, उतार. गुरूलाहि तीर्थ म्हणत, म्हणून एका गुरूचे शिष्य ते ‘सतीर्थ्य’, एकाच उतारावरचे सोबती. आमच्या गारगोटीस वेदगंगा आहे. पूर आला असतां जो अलीकडेच थांबला, त्यास कोणी नालायक म्हणत नाहीं. पाणी उतरलें, कीं तोहि पलीकडे जातो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलेलें आहे, ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक १९६४ ते १९६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगानें शिफारस केली होती, कीं शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक विषयांतील कामगिरी तेवढी नमूद करावी, संपूर्ण परीक्षेंत पास अथवा नापास असा शेरा मारूं नये, आणि विद्यार्थ्यास पुन्हां बसून आपली कामगिरी सुधारण्याची मुभा असावी. आपल्या राज्यांत २०१५ सालापासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होऊं लागली. म्हणजे पाणी ओसरण्याची वाट आतां फार पाहावी लागत नाहीं.

तरीहि घरांत तो शेरा न्यायाधीशाच्या शिक्षेसारखा वाचला जातो. ३५ गुणांस मूल हुशार आणि ३४ गुणांस तेंच मूल बिनकामाचें, हा न्याय कोणत्याच भाषेच्या कोशांत सांपडत नाहीं. त्या दोन आंकड्यांत अंतर असेल तर एका पावलाचें. गुणपत्रक मूल कसें आहे हें सांगत नाहीं. तें त्या दिवशीं कोठवर पोंचलें होतें, एवढेंच सांगतें. म्हणून ‘नापास’ हा शब्द दारांत आला, तर त्याचा खरा अर्थ आधीं आपण वडील मंडळींनीं ध्यानीं घ्यावा, आणि मुलास ‘कां बुडालास ?’ असें न विचारतां ‘उतार कोठें अवघड गेला ?’ असें विचारावें.