भाड्यातला घराचा वाटा

भाड्याने दिलेल्या घराचा दुरुस्तीखर्च हा विषय तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात कसा, असं काहींना वाटेल. पण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. जे घडणार हे नक्की, फक्त कधी ते ठाऊक नाही, त्याला आपण 'अचानक' म्हणावं का?

गिझर बंद पडला की आपण म्हणतो, अचानक खर्च निघाला. पण तो कधीतरी बंद पडणारच होता ना? अनिश्चित असते ती तारीख, खर्च नव्हे. म्हणून हिशेब तारखेचा न करता आयुष्याचा करायचा. वस्तूचा खर्च भागिले ती टिकते ती वर्षं.

उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, आपापल्या घराचे आपण घालावेत. रंगकाम ४५,००० रुपये, तीन वर्षांनी: वर्षाला १५,०००. गिझर ९,०००, सहा वर्षं: १,५००. न्हाणीघराची गळती काढून फरशी बदलणं १,२०,०००, बारा वर्षं: १०,०००. वायरिंग आणि नळजोडणी ९०,०००, पंधरा वर्षं: ६,०००. बेरीज झाली ३२,५००.

आता भाडं महिना २०,००० धरू. अकरा महिन्यांचा करार संपला, दुसरा भाडेकरू मिळेपर्यंत एक महिना घर रिकामं राहिलं. म्हणजे हाती आले २,२०,०००. सोसायटीचे ३६,०००, मालमत्ता कर ८,००० आणि वरचे ३२,५०० वजा करा. उरले १,४३,५००, महिन्याला साधारण १२,०००, तेही प्राप्तिकराच्या आधी. निवृत्तीनंतर ज्यांचं घर भाड्यावर चालतं, त्यांनी वीस नव्हे, बारा हजारांत संसार बसवायला हवा. उरलेले आठ हजार आपले नव्हेतच.

कोणी म्हणेल, सोसायटी फंड घेतेच की! घेते. आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड सांगितला आहे. पण तो जिना, गच्ची, बाहेरच्या भिंती अशा सामाईक भागांसाठी. आपल्या दाराच्या आतलं आपणच बघायचं.

प्राप्तिकरात भाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते; प्रत्यक्ष खर्च कितीही असो. भाड्याचा एक भाग मालकाचं उत्पन्नच नव्हे, हे कायद्यानेही मानलंय. मात्र वजावट म्हणजे बाजूला ठेवलेले पैसे नव्हेत. ते आपणच दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचे. आणि डिपॉझिटला हात लावायचा नाही. ती भाडेकरूची ठेव आहे, दुरुस्तीचा गल्ला नव्हे.

हा वाटा काढलाच नाही तर काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी बहुतांशी १९४० च्या पातळीवर गोठली. महागाईत भाडेकरूंना संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. पण मजुरी, सिमेंट, लाकूड महागत गेलं, भाड्यात दुरुस्तीपुरतेही पैसे उरेनात, आणि मालकांनी हात आखडला. चाळी खचू लागल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या. शेवटी १९६९ साली सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावं लागलं आणि जुन्या इमारतींवर त्यासाठी उपकर बसवावा लागला. भाड्यातून जो वाटा निघाला नाही, तो कराच्या रूपाने काढावा लागला. १९९९ च्या कायद्याने अशा भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली. पण मूळ आकडाच इतका लहान की त्यावरचे चार टक्के ते किती!

तिथे हात कायद्याने बांधले होते. आज करारावर घर देणाऱ्याचे ते बांधलेले नाहीत. तरीही भाडेकरूने छत गळतंय म्हणून फोन केला की आपण म्हणतो, "पुढच्या महिन्यात बघू." का? तर पैसे नाहीत म्हणून. खरं तर पैसे आले होते. घराचा वाटा आपण आधीच खर्चून बसलो. आणि त्या छताखाली आपण राहत नाही, दुसरंच कुटुंब राहतं.

तेव्हा पहिलं काम एवढंच: आज घरी गेल्यावर कागद घ्या, घरातल्या वस्तू लिहा, प्रत्येकीपुढे खर्च आणि वर्षं मांडा. भागाकार आपोआप बोलेल. आता आपले प्रश्न घेऊ.