लम्पी: धास्ती दुधाची नको, गोठ्यातल्या माशीची हवी

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी त्वचारोग आढळला. त्याच सुमारास गुजरात-राजस्थानापासून पंजाब, हरियाणा, चंडीगडपर्यंत साथ पोहोचली होती. जनावरांचे बाजार बंद झाले, अफवांना मात्र ऊत आला. त्यांतल्या काही अजूनही कानावर येतात.

गैरसमज: लम्पी झालेल्या गाईचे दूध प्यायल्याने माणसाला लागण होते.
वस्तुस्थिती: होत नाही. हा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा भाऊबंद. तो माणसाला बाधत नाही. दूध उकळून प्यावे, हा नियम एरवीचाच. खरा फटका वेगळा आहे: गाय आटते, घरात येणारा पैसा थांबतो आणि पोरांच्या वाट्याचे दूध कमी होते.

गैरसमज: आजारी जनावर दूर बांधले की काम झाले.
वस्तुस्थिती: वेगळे बांधायलाच हवे, पण चावरी माशी दावे जुमानत नाही. ती रक्त पीत असताना गाय शेपटी मारते, माशी अर्धपोटी उठते आणि सोंडेवरच्या विषाणूसह दुसऱ्या जनावराला डसते. डास आणि गोचीडही हा रोग पसरवतात. शेण-मुताने भिजलेल्या वैरणीत ही माशी अंडी घालते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. म्हणून फवारणीइतकीच गव्हाणीखालची ओल आणि कुजकी वैरण काढणे मोलाचे.

गैरसमज: गावात गाठी दिसल्यावर लस घेऊ.
वस्तुस्थिती: प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. लस निरोगी जनावराला, साथीआधी टोचायची. २०२२ मध्ये त्यासाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली.

गैरसमज: लम्पी माणसाला होत नाही, म्हणजे जनावरांचा कोणताच कीटकजन्य आजार होत नाही.
वस्तुस्थिती: सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्याला विचारा. तिथे २०१६ पासून माकडतापाने माणसे दगावली आहेत. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी रानात, काजूच्या बागेत विखुरतात आणि तिथे राबणाऱ्यांना चावतात. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

जनावराला ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, कातडीवर गाठी दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. रोग लपवून जनावर बाजारात नेणारा स्वतःचे नुकसान टाळत नाही, तो ते गावोगाव वाटतो.