प्लगइन बिघडलंय की कॅशे जुनी आहे?

वर्डप्रेसच्या साइटवर सेटिंग बदललं, 'सेव्ह' झाल्याचा संदेशही आला. पण पुन्हा उघडलं की जुनंच दिसतं. ऑनलाइन दुकान असेल तर संपलेला माल शिल्लक दिसतो आणि त्याच्या ऑर्डरी येत राहतात. खापर फुटतं ते शेवटी टाकलेल्या प्लगइनवर. घोळ मात्र डेटाबेस कॅशिंगचा असू शकतो.

डेटाबेसला तेच ते विचारायला लागू नये म्हणून कॅशिंग प्लगइन आधीचं उत्तर साठवून ठेवतं. मूळ नोंद बदलली, पण साठवलेलं उत्तर पुसलं गेलं नाही, तर साइट जुन्यावरच चालते. एकेक प्लगइन बंद करून पाहण्याची नेहमीची पद्धत इथे फसवू शकते. कारण कोणती प्लगइन्स चालू आहेत, ही यादीही डेटाबेसमध्येच असते!

म्हणून आधी बॅकअप घ्यावा आणि सगळी कॅशे रिकामी करावी. सर्व्हरवर रेडिस किंवा मेमकॅश्ड असेल तर तीही. नुसती ब्राउझरची कॅशे पुसून भागत नाही.

तरीही फरक पडला नाही तर 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर उघडावा. तिथे 'डीबी डॉट पीएचपी' किंवा 'ऑब्जेक्ट-कॅशे डॉट पीएचपी' फाइल असेल, तर वर्डप्रेस ती आपोआप चालवतं. कॅशिंग प्लगइन काढल्यावरही ती कधीकधी मागे राहते. शिवाय त्या नावाची फाइल एकच असू शकते, त्यामुळे दोन प्लगइन्सना ती हवी असेल तर भांडण ठरलेलंच. फाइलचं नाव तात्पुरतं बदलून साइट तपासावी. अडचण गेली, तर डेटाबेस कॅशिंग बंदच ठेवावं. छोट्या साइटचं त्यावाचून फारसं अडत नाही.