प्रत आणि परत

पावसाळ्याच्या तोंडावर वर्सोव्यातल्या घराघरांत आवराआवर चालते. समुद्राकडच्या खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, कपाटांत डांबरगोळ्या ठेवायच्या, लोणच्यांच्या बरण्यांची झाकणं घट्ट आहेत ना ते पाहायचं. यारी रोडवरच्या आमच्या घरात यात एका कामाची भर पडते. बॅकअपची हार्ड डिस्क ज्या हवाबंद डब्यात असते, त्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी बदलते. गेल्या वर्षी पुड्या बदलताना सहज डिस्क जोडली आणि आतल्या फोल्डरची तारीख पाहिली. नोव्हेंबर. मधले सात महिने दर रविवारी रात्री मी ती डिस्क संगणकाला जोडत होते आणि तिचा निळा दिवा लुकलुकताना पाहून निर्धास्त झोपत होते. त्या सात महिन्यांत तिच्यावर काहीच उतरलं नव्हतं. कामात व्यत्यय नको म्हणून संगणकाच्या सूचना मीच बंद केल्या होत्या. त्यामुळे बॅकअप फसल्याचा निरोप दर आठवड्याला निघत राहिला आणि माझ्यापर्यंत कधी पोचला नाही.

त्या संगणकात माझ्या आईचा आवाज आहे. शेवटची दोन वर्षं ती अधूनमधून थोडं थोडं बोलायची आणि मी ते ध्वनिमुद्रित करायचे. आजोळचं घर, लग्नानंतरची मुंबई, चाळीतल्या नळावरच्या रांगा. अशा २३ फाइली झाल्या. आई मार्चमध्ये गेली. शेवटच्या नऊ फाइली नोव्हेंबरनंतरच्या होत्या, म्हणजे त्या जगात एकाच जागी होत्या, पाच वर्षं जुन्या एका डिस्कवर.

त्या दिवसानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. हाती लागलेली गोष्ट एका वाक्यात सांगता येते. बॅकअप म्हणजे प्रत काढणं नव्हे, बॅकअप म्हणजे परत आणता येणं. या दोहोंमधल्या अंतरात माणसांच्या आयुष्यभराच्या गोष्टी हरवतात.

सी ड्राइव्हचं वेगळेपण

फोटो, पत्रं, हिशेब या सुट्या फाइली असतात. त्या उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवल्या की झालं. पण सी ड्राइव्ह, म्हणजे सिस्टीम ड्राइव्ह, तशी उचलता येत नाही. संगणक सुरू होण्यासाठी लागणारी विंडोज, सगळे प्रोग्रॅम, त्यांच्या परवान्यांच्या नोंदी आणि मांडणी तिच्यावर असते. यांतल्या शेकडो फाइली संगणक चालू असताना सतत उघड्या असतात आणि त्यांत लिखाण सुरूच असतं. वाहत्या नळाखालची घागर किती भरली ते मोजावं, तसं हे काम आहे.

त्यासाठी विंडोजमध्ये व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची सेवा असते. समूहाचा फोटो काढताना फोटोग्राफर सगळ्यांना क्षणभर स्थिर उभं करतो, तशी ही सेवा चालू प्रोग्रॅमना लिहिणं थांबवायला सांगते. या थांबण्याला कमाल ६० सेकंदांची मुदत असते आणि प्रत्यक्ष छायाप्रत त्यांतल्या १० सेकंदांत निघावी लागते. मग प्रोग्रॅम पुन्हा कामाला लागतात. त्यानंतर डिस्कवरचा एखादा तुकडा बदलायची वेळ आली, तर आधी जुना तुकडा बाजूला जपून ठेवला जातो. बॅकअप त्या थांबलेल्या क्षणाचा घेतला जातो. म्हणून बॅकअप फसला की दोष दोन ठिकाणी शोधायचा. एक तर तो क्षण पकडताच आला नाही, नाहीतर पकडलेला क्षण पलीकडच्या डिस्कवर उतरवता आला नाही.

‘जागा नाही’ म्हणजे कुठे?

मी बॅकअप पुन्हा चालवला तेव्हा पडद्यावर आलं की पुरेशी जागा नाही. माझी बाहेरची डिस्क एक टीबीची आणि तीन चतुर्थांश रिकामी होती. सात बंगल्याजवळ संगणकदुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या मुलाला बोलावलं. त्याने पडदा पाहिला आणि म्हणाला, “काकू, बाहेरची डिस्क भरलेली नाही. आतला छोटा कप्पा भरलाय.”

एका डिस्कचे अनेक कप्पे असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. आपल्याला दिसते फक्त सी ड्राइव्ह. तिच्या शेजारी संगणक सुरू करणारा, बहुधा १०० एमबीचा एक लपलेला कप्पा असतो आणि बिघाडात मदतीला येणारा रिकव्हरीचा दुसरा. सिस्टीम इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची एकसंध प्रत, घेताना या कप्प्यांचीही छायाप्रत काढावी लागते आणि त्या प्रतीला त्याच कप्प्यात मोकळी जागा लागते. ढोबळ हिशेब असा : कप्पा ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर किमान ५० एमबी मोकळे हवेत, त्याहून मोठा असेल तर ३२० एमबी, आणि एक जीबीहून मोठा असेल तर एक जीबी. तेवढी जागा नसेल तर ०एक्स८०७८०११९ हा क्रमांक दिसतो. माणूस बिचारा बाहेरची डिस्क रिकामी करत बसतो आणि दुखणं आतच राहतं.

रिकव्हरीचा कप्पा अपुरा पडण्याचा अनुभव अनेकांना जानेवारी २०२४मध्येही आला. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटला रिकव्हरीच्या कप्प्यात २५० एमबी मोकळे हवे होते. ते नव्हते म्हणून असंख्य संगणकांवर ते अपडेट पुन्हा पुन्हा फसत राहिलं. उपाय असतो सी ड्राइव्ह थोडी आखडून रिकव्हरीचा कप्पा वाढवण्याचा. पण हे शस्त्रक्रियेसारखं काम आहे. ते जाणकाराकडून करून घ्यावं, आणि त्याआधी महत्त्वाच्या फाइली वेगळ्या काढून ठेवाव्यात.

पहिला नियम तोच आहे : निदान नंतर, आधी सुटका. आईच्या २३ फाइली मी सर्वांत आधी पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि मगच त्या मुलाला फोन केला.

बाकीची कारणं

क्रम लावून पाहिलं तर बहुतेक बिघाड घरीच ओळखता येतात.

आधी केबल आणि पोर्ट पाहा. बाहेरची डिस्क हबवर न लावता थेट संगणकाला जोडा. हबमधून पुरेशी वीज मिळाली नाही की मोठ्या बॅकअपच्या अध्येमध्ये डिस्क क्षणभर तुटते आणि दोन तासांचं काम वाया जातं. बॅकअप चालू असताना संगणक झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करा.

मग बाहेरच्या डिस्कचं फॉरमॅट पाहा. विंडोजच्या सिस्टीम इमेजला एनटीएफएस लागतं. जुन्या डिस्क आणि पेनड्राइव्ह फॅट३२ असतात, आणि त्यांवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. फॉरमॅट बदलताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

०एक्स८०७८००सी५ हा क्रमांक दिसला तर डिस्कवर आधीचं विंडोजइमेजबॅकअप नावाचं फोल्डर अडथळा करत असण्याची शक्यता असते. ते पुसू नका, त्याचं नाव बदला आणि पुन्हा प्रयत्न करा. नवा बॅकअप तपासून होईपर्यंत जुना हातात असलेला बरा.

छायाप्रतच निघत नसेल तर आधी संगणक रीस्टार्ट करा. एकाच वेळी बॅकअपचे दोन प्रोग्रॅम चालू असतील तर त्यांतला एक काढा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स ही आज्ञा दिली की क्षणभर थांबायला सांगितलेल्या घटकांची यादी समोर येते. प्रत्येकापुढे स्टेबल आणि नो एरर दिसायला हवं. जिथे ते दिसत नाही, तिथे दुखतंय.

सर्वांत गंभीर क्रमांक ०एक्स८००७०४५डी. डिस्कवरून वाचताना किंवा तिच्यावर लिहिताना अडथळा आला, असा त्याचा अर्थ. सी ड्राइव्हचं हे दुखणं असेल तर डिस्क म्हातारी झाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी लोक लगेच डिस्क तपासणारी विंडोजची चेकडिस्क ही आज्ञा चालवतात. खराब भाग शोधताना ती संपूर्ण डिस्क खरवडून वाचते, आणि थकलेल्या डिस्कला तोच धक्का अखेरचा ठरू शकतो. म्हणून आधी हव्या त्या फाइली काढा, मग चेकडिस्क, आणि मग नवी डिस्क.

एक गोष्ट आणखी माहीत असावी. विंडोजमधली सिस्टीम इमेजची सोय कंट्रोल पॅनेलमध्ये आजही बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७ या नावाखाली सापडते. पण मायक्रोसॉफ्टने २०१७मध्येच तिचा विकास थांबवला आणि त्याऐवजी संपूर्ण डिस्कचा बॅकअप घेणारे इतर प्रोग्रॅम वापरायला सुचवलं. विंडोज १०ची नेहमीची साथही १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. ज्यांना विंडोज ११कडे जायचं आहे, त्यांनी त्याआधी पूर्ण इमेज घ्यावी आणि तपासावी.

न्हावा-शेवा, २७ जून २०१७

घरगुती संगणकाची गोष्ट मोठ्या आरशात पाहायची तर आपल्या बंदरापलीकडे जायला हवं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा विषाणू जगभर पसरला. मेअर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्याच समूहाकडून चालवलं जाणारं, जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर होते, क्रेन होत्या, माणसं होती. कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारे संगणक तेवढे गेले होते.

मेअर्स्कच्या जाळ्यात कोणाला काय उघडायची मुभा आहे, याची नोंदवही सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर होते. प्रत्येकावर सगळी नोंदवही होती आणि एकावर बदल झाला की तो बाकीच्यांवर आपोआप पोचत होता. एक गेला तरी १४९ उरतील, या भरवशावर वेगळा बॅकअप घेतलेला नव्हता. विषाणूने एकदमच सगळे पुसले. उरला फक्त एक, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यातून तुटलेला राहिला आणि वाचला. तिथलं इंटरनेट एवढी माहिती पाठवण्याइतकं वेगवान नव्हतं. घानाच्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली गेली आणि तिथून लंडनला पोचली. दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

१५० प्रती होत्या, पण एकमेकींना बांधलेल्या. एकीवरचं संकट सगळ्यांवर आलं. घरातही तेच होतं. फोनमधून फोटो पुसला की क्लाउडवरूनही पुसला जातो. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क विषाणू संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. जुळवून ठेवणं वेगळं, जपून ठेवणं वेगळं.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती असल्याचं कागदावर होतं. त्यांतली एकही धडपणे कामी आली नाही. रोजचा बॅकअप कधीचाच फसत होता आणि तो फसल्याची ईमेल वाटेतच नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून कंपनी तरली. हे वाचताना मला माझ्या निळ्या दिव्याचे सात महिने आठवले. फसलेल्या बॅकअपपेक्षा त्याची शांतता अधिक घात करते.

खारी हवा, पाऊस, वीज

वर्सोव्यात आपल्या यंत्रांना आणखी एक शत्रू आहे. खाऱ्या, दमट वाऱ्याने यूएसबीच्या तोंडांवर गंज धरतो आणि केबल सैल नसतानाही संपर्क तुटतो. डिस्क हवाबंद डब्यात ठेवावी आणि गरम असताना डब्यात टाकू नये.

पाण्याचं तर आपल्याला सांगायला नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावरच्या घरांत संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणातली त्याची प्रत, दोन्ही एकाच पाण्यात गेली असतील तर नवल नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबईची वीज एकाएकी गेली. अशा क्षणी बॅकअप चालू असेल तर तो अर्धवट राहतो, म्हणून छोटासा यूपीएस हवाच.

यावर छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम साधा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. माझी घराबाहेरची डिस्क मुलुंडला बहिणीकडे असते. दर दोन महिन्यांनी वर्सोव्याहून मेट्रोने घाटकोपर आणि पुढे लोकलने मुलुंड, असा तिचा प्रवास होतो. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावी. किल्ली त्याच संगणकात असेल तर ती असून नसल्यासारखी.

परत येतं का, ते पाहा

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत आमच्या वेसावे कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसं जाळी मांडीवर घेऊन टाका अन् टाका चाचपत असतात. नारळी पौर्णिमेनंतर दर्यात उतरायचं, ते हाताने तपासलेलं जाळं घेऊनच. बॅकअपलाही हाच न्याय लावावा. संगणक सुरू करणारा रिकव्हरीचा पेनड्राइव्ह करून ठेवा, एकदा त्यावरून संगणक सुरू करा आणि इमेज त्याला दिसते का ते पाहा. तिथेच थांबा, पुढचं रिस्टोअर करू नका. पर्यायी डिस्क घेताना ती मूळ डिस्कपेक्षा लहान नको, नाहीतर इमेज तिच्यावर उतरायला नकार देते. शिवाय इमेज व्हीएचडीएक्स नावाच्या फाइलीत असते. दुसऱ्या विंडोज संगणकावर ती दोनदा टिचकी मारून उघडता येते आणि आतली एखादी फाइल चालवून पाहता येते. वर्षातून दोनदा एवढं केलं तरी पुरे. दिवाळीची साफसफाई हा त्यासाठी चांगला मुहूर्त आहे.

रिकव्हरीचा कप्पा वाढवून झाला, नवा बॅकअप लागला, आणि मी डिस्क घेऊन मुलुंडला गेले. बहिणीच्या लॅपटॉपवर इमेज उघडली, फोल्डरातून फोल्डरात जात आईच्या फाइलींपाशी आले आणि शेवटच्या नऊंपैकी एक लावली. स्वयंपाकघरात बहीण पुऱ्या लाटत होती. आवाज ऐकून ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि दारात उभी राहिली. आई नळावरच्या भांडणाची गोष्ट सांगत होती. सांगताना मध्येच हसली, खोकली, पाणी प्यायली. चार मिनिटांनी फाइल संपली.

बहीण म्हणाली, “परत लाव.”