जुन्या रजिस्टरांची सुस्पष्ट छायाचित्रे

शाळेचे जुने जनरल रजिस्टर हा गावाचा मोलाचा ठेवा होय. जन्मतारीख, जात, शाळेत दाखल झाल्याचा दिनांक यांचा तो पुष्कळदा एकमेव लेखी पुरावा असतो. कागद जीर्ण होत असल्याने शिक्षक त्याच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे घेऊन ठेवतात, हे उचितच आहे. परंतु १ आणि ९ यांतील भेद कळेनासा झाला, तर ती प्रत असून नसल्यासारखीच.

दोष बहुधा यंत्राचा नसतो. उजेड अपुरा असला म्हणजे मोबाइल आपण होऊन भिंगातून प्रकाश घेण्याचा अवधी वाढवितो. कपाटाजवळच्या काळोखात तो १/१० सेकंदापर्यंत लांबतो, आणि तेवढ्यात हात हलतोच. फिल्मच्या काळापासून छायाचित्रकार एक ठोकताळा मानीत आले आहेत : भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर अवधी १/५० सेकंदाहून अधिक नसावा, २०० असेल तर १/२०० हून. दूरचे जवळ ओढले की कंपही तितकाच मोठा होतो. म्हणून 'झूम' न करता पान पुरते मावेल इतकेच जवळ जावे.

पहिला उपाय उजेडाचा. रजिस्टर ओसरीवर, थेट ऊन लागणार नाही अशा जागी मेजावर ठेवावे. मोबाइल दोन्ही हातांनी धरून कोपरे मेजावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकावीत आणि श्वास सोडून क्षणभर थांबावे. बोट दाबतानाच पुष्कळदा हिसका बसतो. त्यावर दोन-तीन सेकंदांचा टायमर हा सोपा तोडगा आहे.

चित्र बिघडले तर ते कशाने बिघडले हे आधी पाहावे. अक्षरे एका दिशेने ओढल्यासारखी किंवा दुहेरी दिसली, तर हात हलला. सर्व बाजूंनी सारखीच मऊ दिसली, तर भिंग फार जवळ होते किंवा त्याचा रोख चुकला. थोडे मागे सरून पडद्यावर अक्षरांच्या जागी बोट टेकावे. सगळेच धुरकट असेल, तर भिंग मऊ फडक्याने पुसावे. खडूची भुकटी शिक्षकाच्या बोटांना कोठेही सोडीत नाही!

लेझीम खेळणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. तेथे मुलेच हलतात. त्यामुळे हात कितीही स्थिर असला तरी भागत नाही. भरपूर उजेडात, हात वळण घेताना क्षणभर थांबतो तो क्षण साधावा.

रजिस्टर कपाटात परत ठेवण्यापूर्वी प्रत्येक चित्र मोठे करून त्यातील सर्वांत बारीक आकडा वाचून पाहावा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविल्यास चित्राचा तपशील घटतो. ते 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवावे.