एकोणीस वर्षंही देता येत नाहीत

समजा, मारेगाव तालुक्यातली साडेसतरा वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांचा मुलगा कापूस वेचता वेचता जुळले, पळून गेले. मुलीला दिवस गेले. तपासणीत वय कळलं की पोलिसांना कळवणं दवाखान्याला बंधनकारक. खटला उभा राहतो तेव्हा ती बाळ कडेवर घेऊन सांगते, ‘त्यांना सोडा.’ पण अठराच्या आतली संमती मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा मानत नाही. गर्भधारणेमुळे गुन्हा गंभीर ठरतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान शिक्षा आहे २० वर्षं. दोष सिद्ध झाला, तर न्यायाधीशांना एकोणीसही देता येत नाहीत.

ही सक्ती उगाच आलेली नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याच्या ‘मथुरा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं. देशभर संताप उसळला. त्यातून १९८३ मध्ये बलात्काराला किमान ७ वर्षं, कोठडीतल्या बलात्काराला १० वर्षं शिक्षा आली. तरी विशेष कारणं लिहून ती कमी करण्याची मुभा होती. २०१३ मध्ये तीही गेली. पोक्सोत ती पहिल्यापासूनच नव्हती.

मुभा काढून घेतली तरी ती दुसरीकडून वाट काढते. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठापुढे बारा वर्षांच्या मुलीची छाती दाबल्याचं प्रकरण होतं. पोक्सोचं कलम ८ लागलं तर किमान ३ वर्षं, तेव्हाच्या दंडविधानाचं ३५४ लागलं तर १. शिक्षा कडक म्हणून पुरावाही कडक हवा, असं म्हणत खंडपीठाने कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोतून वगळला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. एका आरोपीची शिक्षा कमी झाली असती, पण त्या व्याख्येमुळे पुढच्या कित्येक मुली उघड्यावर पडल्या असत्या.

मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी दोष कायम ठेवूनही शिक्षा दिली नाही. पीडिता आरोपीबरोबरच संसार करत होती. त्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मधला खास अधिकार वापरावा लागला. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. मारेगावहून दिल्ली किती जण गाठणार?

विधी आयोगाने २०२३च्या २८३व्या अहवालात संमतीचं वय अठराच ठेवून, सोळा ते अठरा वयोगटातल्या अशा प्रकरणांत शिक्षेपुरती मर्यादित मुभा सुचवली आहे. हीच वाट बरी. न्यायाधीशांनी लेखी दिलेली कारणं चुकली तर अपिलात खोडता येतात. न्यायाधीशांकडून काढलेली मुभा मात्र ठाण्यात सरकू शकते; तिथे कोणतं कलम लावायचं, हे ठरवताना मनात काय होतं, त्याचा कागद कुठेच नसतो.