लेटमार्क माणसाचा आणि फायलीचा

सरकारी कचेरी असो, बँक असो वा शाळा, सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात तेथील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे हजेरीपट. पूर्वी ठरल्या वेळी मस्टर साहेबांच्या खोलीत जाई, आणि उशिरा पोचणाऱ्याला तेथे जाऊन मान खाली घालून सही करावी लागे. त्याच्या नावापुढे लाल शाईचा शेरा पडे. आता बहुतेक ठिकाणी बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणारे यंत्र आले आहे. केंद्र शासनाने २०१४ पासून आधारशी जोडलेली हजेरी आपल्या कार्यालयांत आणली. यंत्र कोणाची भीडभाड ठेवीत नाही, असे त्याचे कौतुक होते आणि ते खोटे नाही. परंतु माणूस दारातून आत आला, एवढेच यंत्राला कळते. त्यानंतरच्या साडेआठ तासांत त्याच्या टेबलावरून किती कागद पुढे सरकले, याविषयी ते अगदी निर्विकार असते.

लेटमार्कचे गणितही मोठे चमत्कारिक आहे. महिन्यात तीनदा उशीर झाला की एक किरकोळ रजा कापावयाची, हा अनेक कचेऱ्यांतील रूढ हिशेब. दहा-दहा मिनिटांचा उशीर तीनदा झाला तर तो अर्धा तास भरतो, आणि त्याची किंमत अख्ख्या दिवसाची रजा! १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने गैरहजेरीबद्दलची वेतनकपात गैरहजेरीच्या प्रमाणातच असावी, असे बंधन घातले होते. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आले आहे. रजा म्हणजे वेतन नव्हे, त्यामुळे त्या तत्त्वाचा कचेरीतील लेटमार्कशी थेट संबंध नाही, हे कायद्याच्या भाषेत मान्य करावे लागेल. पण गिरणीमालकाला जे प्रमाण कायद्याने पाळावयास लावले, ते कचेरीच्या नियमांनी मात्र विसरावे, यात काही औचित्य दिसत नाही. शिवाय अशा नियमाचा परिणाम उलटाच होतो. दहा मिनिटे उशीर होणार हे कळताच, शिक्षा तीच असेल तर, माणूस सरळ अर्ध्या दिवसाचा अर्ज पाठवून घरी बसतो.

घड्याळ कोणाचे, हा वाद मुंबईला नवा नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या ठरावीक वेळा यांचाही समावेश होता. रविवारची सुट्टी मिळावयास १८९० साल उजाडले. पुढे १९०६ च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. काटे पुढे सरकले, म्हणजे कामगाराने सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे! जेकब ससून गिरणीतील कामगारांनी गिरणीच्या घड्याळावर दगड फेकले, ते याच संतापातून. घड्याळाचा कारभार ज्याच्या हाती, त्याच्या सोयीने उशीर ठरतो, हे त्या माणसांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

आज मुंबईत हा संताप घड्याळावर निघत नाही. तो लोकलच्या दारात मुकाट उभा असतो. डोंबिवली, बदलापूर, विरार येथून निघणाऱ्या नोकरदाराच्या दृष्टीने ‘पुढची गाडी’ हा पर्याय नसतो, कारण पुढच्या गाडीने गेल्यास लेटमार्क नक्की. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून जात असता दारात लटकणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही प्राणांस मुकले. दारात लटकणाऱ्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. त्याच्या कचेरीचे घड्याळ त्या गर्दीला किती जबाबदार आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू करताना कार्यालयांची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठेवली. बँका, विमा कंपन्या, खाजगी कार्यालये यांच्याही वेळा थोड्याफार याच्याच आसपासच्या. सारे शहर एकाच तासात एकाच दिशेला ढकलावयाचे आणि मग गर्दीबद्दल हळहळावयाचे, असा हा प्रकार आहे. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबईतील मुख्यालयाच्या कामकाजाच्या दोन वेळा केल्या आणि इतर कार्यालयांनाही तसे करण्याची विनंती केली. ज्या संस्थेला गर्दी रोज मोजावी लागते, तिने हा उपाय आधी स्वतःवर करून पाहिला, याची दखल घ्यावयास हवी.

याचा अर्थ उशिरा येणाऱ्यांचा कैवार घ्यावा असा नव्हे. कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर राहणारा आणि तरीही रोज साडेदहाला उगवणारा महाभाग प्रत्येक खात्यात असतोच. आदर्श स्थायी आदेशांनी सवयीच्या उशिराला गैरवर्तन म्हटले आहे, ते योग्यच होय. वर्गातील मुले ताटकळत असताना शिक्षकाने दहा मिनिटांनी यावे, याचे समर्थन कोणत्याही गाडीच्या नावाने होणार नाही. पण तालुक्याच्या कचेरीत पहाटेच्या एस.टी.ने आलेला शेतकरी दाखल्यासाठी खिडकीसमोर बसून असतो, त्याचे दुःख निराळे आहे. कारकून दहाला आला की सव्वादहाला, याने त्याला फारसा फरक पडत नाही. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या’ हे उत्तर ऐकून तो परत फिरतो तेव्हा त्याची मजुरी आणि गाडीभाडे बुडालेले असते. त्या सोमवारची नोंद कोणत्याही मस्टरवर लाल शाईने होत नाही.

वस्तुतः ती करण्याची सोय कायद्यात आहे. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की, सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. माणसाच्या दहा मिनिटांसाठी यंत्र दाराशी लागले. फायलीच्या दोन महिन्यांसाठी असे यंत्र कोणत्या टेबलावर आहे? आणीबाणीच्या काळात कर्मचारी दहाच्या ठोक्याला जागेवर दिसत, ही आठवण जुने लोक अजून सांगतात. खुर्च्या भरल्या होत्या, याबद्दल वाद नको. अर्जदाराचे काम त्यामुळे किती लवकर झाले, हे मात्र त्या आठवणीत कोठे येत नाही.

कचेऱ्यांनी यासाठी फार मोठे काही करावयाचे नाही. जनतेशी संबंध येणारी खिडकी ठरल्या वेळी उघडलीच पाहिजे, आणि तेथे बसणाऱ्याच्या बदलीला दुसरा माणूस नेमलेला असावा. ज्यांचे काम आतल्या टेबलाचे आहे, त्यांना नऊ ते साडेअकरा यांमधील सोयीची वेळ निवडून तास पूर्ण करू द्यावेत. साहेबांचा ठसाही त्याच यंत्रावर उमटावा, कारण अकराला येणाऱ्या अधिकाऱ्याने पावणेदहाची शिस्त शिकविली तर ती कोणी मनावर घेत नाही. लेटमार्कचा हिशेब मिनिटांच्या प्रमाणात व्हावा. आणि दर महिन्याला जसा उशिरा आलेल्यांचा तक्ता निघतो, तसाच सात दिवसांहून अधिक काळ पडून राहिलेल्या फायलींचाही, टेबलाच्या क्रमांकासह, त्याच फलकावर लावला जावा.